तीन नंबरची किल्ली

रोज सकाळी सात वाजता वीत्स्के वियर्डा कॉफी गाळायची, पावावर चीजची चकती ठेवायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारायची, "विसरलास कसा रे तू?" खुर्ची काही बोलायची नाही. मग ती पाव खायची, कप विसळायची, सायकल काढायची आणि कालव्याकाठच्या रस्त्याने पाणी मंडळाच्या कचेरीत जायची. अकरा महिने हे असंच चाललं होतं. रडणं म्हणाल तर ते जानेवारीतच संपलं होतं, किंवा सुरूच झालं नव्हतं; तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. बहिणीने एकदा फोनवर विचारलं, "कसं वाटतंय गं?" तेव्हा ती म्हणाली होती, "दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ कसा लागतो, तसं. आहे, पण माझा नाही."

तिचा नवरा येल्ले मिडेलवालच्या पंपघरात बावीस वर्षं मेकॅनिक होता. आमचा सगळा मुलूख म्हणजे पोल्डर, समुद्राच्या पातळीखालची, पाणी उपसून कोरडी ठेवलेली जमीन; त्यामुळे पंपघरातला माणूस म्हणजे गावातला मोठा माणूस. पाद्रीबुवांच्या खालोखाल, आणि पाऊस लागला की त्यांच्याही वर. पंप चार. प्रत्येक पंप म्हणजे उतरत्या पन्हळीत आडवं निजवलेलं घराएवढं मळसूत्र. ते फिरलं की खालच्या चराचं पाणी वरच्या कालव्यात चढतं. जानेवारीतल्या एका सकाळी तीन नंबरच्या पन्हळीत फळी अडकली. येल्लेने मोटरचं लाल बटण दाबून पंप थांबवला आणि फळी काढायला खाली उतरला. चार मिनिटांनी पंप आपोआप सुरू झाला. याहून जास्त त्याबद्दल गावात कोणी बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही.

पंप आपोआप सुरू होतो कसा, तर मशीनमुळे. १९७० साली मंडळाने कॉम्प्युटर आणला. तेव्हापासून पाण्याची पातळी तोच मोजायचा, कुठला पंप चालू करायचा ते तोच ठरवायचा. त्याचा प्रोग्राम वीत्स्केने लिहिला होता. पंपापाशी माणूस उतरणार असेल तर भिंतीवरची त्या पंपाची किल्ली फिरवायची, म्हणजे तो बंद राहतो. पूर्वी ही किल्ली थेट तारच तोडायची. मशीन आल्यावर किल्ली मशीनला कळवू लागली आणि मशीन मोटरला. सुधारणा म्हणतात तिला.

मार्चमध्ये चौकशी बसली. प्रश्न एकच होता: येल्लेने किल्ली फिरवली होती की नव्हती? धावत आलेल्या हार्मने, म्हणजे येल्लेच्या जोडीदाराने, घाबरून चारही किल्ल्या फिरवल्या होत्या, त्यामुळे नुसतं बघून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं. मग वीत्स्केला बोलावलं. काळ्या कपड्यात ती उभी राहिली, प्रोग्रामचा छापील कागद टेबलावर पसरला, ओळ ३२० वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "किल्ली बघितल्याशिवाय हा प्रोग्राम पंप चालू करत नाही." एवढंच वाक्य. ते खोटं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं. पण त्या वाक्याने निकाल लागला. मशीन किल्ली बघतं, पंप तर सुरू झाला, म्हणजे किल्ली फिरवलेली नव्हती. येल्ले विसरला. आपलेच दात, आपलेच ओठ.

मंडळाने पंपघराच्या दारावर निळी पत्र्याची पाटी ठोकली: 'आधी किल्ली, मग हात.' खाली बारीक अक्षरांत अपघाताची तारीख. दुसऱ्या मंडळांची नवी माणसं शिकायला येत, तेव्हा त्यांना त्या पाटीखाली उभं करून येल्लेची गोष्ट सांगत. बावीस वर्षांत पंपाचा एक खिळा न विसरलेला माणूस गावोगाव विसराळू म्हणून प्रसिद्ध झाला. वीत्स्के त्या रस्त्याने जाणं टाळायची. तिला त्याचा राग यायचा. एवढी साधी किल्ली, आणि तेवढंही जमू नये? दुःखाच्या जागी तिच्याकडे तो रागच होता, आणि तोसुद्धा थंड झालेल्या कॉफीसारखा.

सप्टेंबरात कचेरीत लोडेवेइक स्मेट्स आला. वय एकोणतीस, गणितातला डॉक्टर, दक्षिणेकडचा. म्हणजे मोठ्याने हसणारा, जेवायला दोन तास लावणारा, आणि आमच्याकडच्या लोकांनी 'बरं आहे' म्हटलं की त्यांना खरंच बरं वाटलं असं समजणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात वीत्स्केचा प्रोग्राम मागवला, जमिनीवर अंथरला आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर बसला. प्रोग्राम म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमांची यादी. वरून खाली एकेक ओळ पाळत जायची, आणि मध्येच हुकूम येतो: आता अमुक ओळीवर जा. या हुकमाला कचेरीत 'उडी' म्हणत. लोडेवेइकने प्रत्येक उडीचा बाण काढला. संध्याकाळपर्यंत कागद दिसेनासा झाला.

"मेफ्राउ वियर्डा, हा प्रोग्राम आहे की सशाचं बीळ?" त्याने विचारलं; मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब.

"याच बिळाने पाच वर्षं पोल्डर कोरडा ठेवलाय," वीत्स्के म्हणाली.

"ठेवलाय ना! कोण नाही म्हणतंय? पण कसा ठेवलाय ते तुम्हाला तरी सांगता येईल का?"

"मी लिहिलाय तो."

"म्हणून तर विचारतोय."

त्याचं म्हणणं सरळ होतं. उड्या सगळ्या काढायच्या. तीन गोष्टींत जगातला कुठलाही प्रोग्राम बसतो: एकापुढे एक, हे नाहीतर ते, आणि अमुक होईपर्यंत पुन्हा पुन्हा. प्रत्येक तुकड्याला आत यायचं एक दार, बाहेर जायचं एक दार. खिडकीतून आत शिरायचं नाही. प्रोग्राम असा नाकासमोर चालणारा असला म्हणजे कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारता येतं: इथवर पोचलो तेव्हा आपल्याला काय ठाऊक आहे? हा त्याचा लाडका प्रश्न होता. कॉफीच्या रांगेतही विचारायचा.

कचेरीचे साहेब बोल्हाउस. पाण्याचा माणूस, कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायचे, पण प्रेमाने हाकायचे. चौकशीनंतर त्यांनाही काहीतरी नवं केल्याचं दाखवायचं होतं. त्यांनी हुकूम काढला: जुना प्रोग्राम जाईल, वीत्स्केबाई नवा लिहितील, उडीशिवाय. आणि दर शुक्रवारी दहा वाजता वाचन. वाचनाचा नियम लोडेवेइकचा: ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही. लिहिणारा वाचतो तेव्हा मनातलं वाचतो, कागदावरचं नाही.

वाचनाला कॉफी असायची आणि बिस्किटांचा डबा. डबा एकदाच फिरायचा, प्रत्येकी एक बिस्किट, की झाकण बंद. आमच्याकडे हे असंच असतं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. लोडेवेइकने पहिल्या दिवशी दुसऱ्यांदा हात घातला तेव्हा बोल्हाउससाहेब त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्याने धरणाचा दगड काढलाय. या कचेरीत दुसरं बिस्किट मिळण्याचा एकच मार्ग होता. मशीनच्या जुन्या स्मृतीत हुकूम ठेवायचे खण मोजके. ते भरले होते. जो कोणी प्रोग्राम आखडून खण वाचवील त्याच्यासमोर साहेब स्वतः डबा पुन्हा उघडायचे.

वीत्स्केला ते एकदा मिळालं होतं, १९७१ साली. एका झटक्यात सतरा खण वाचवल्याबद्दल. तिने ते रुमालात बांधून घरी नेलं होतं, आणि येल्लेने ते अर्धं अर्धं केलं आणि दोघांनी खाल्लं. पुढे महिनाभर पंपघरात येईल त्याला तो सांगत होता, "आमच्या बायकोला दुसरं बिस्किट मिळालं, माहितीये? सतरा खण! खण म्हणजे काय ते मला विचारू नका."

ऑक्टोबर-नोव्हेंबर तिने उड्या काढण्यात घालवला. काम तिला आवडलं असं नाही. आता काहीच आवडत नव्हतं. पण ते करता येत होतं. एक उडी उचलायची, ती कुठून निघते आणि कुठे पडते ते बघायचं, तिच्या जागी एक फेरा किंवा एक 'जर' बसवायचा, खोडायची. सकाळी चार, दुपारी तीन. एकशे बारापैकी एकशे नऊ झाल्या.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी, ती ओळ ३४० वर आली. पंप चालू करण्याची ओळ. तिच्या लगेच वर दोन ओळी होत्या: ३२०, किल्ली बघ, फिरवलेली असेल तर हा पंप सोडून पुढच्याकडे जा; आणि ३३०, पाण्याची पातळी बघ. चौकशीत तिने बोट ठेवलं होतं ती हीच जागा. सवयीने तिने समासात लोडेवेइकचा प्रश्न लिहिला: इथे काय ठाऊक आहे? आणि उत्तर लिहिलं: किल्ली फिरवलेली नाही. मग नियमाप्रमाणे दुसरा प्रश्न: इथवर कोण कोण येतं?

वरून ३३० येते. शेवटपर्यंत तपासायचं म्हणून तिने पेन्सिल उरलेल्या कागदांवरून फिरवली. ओळ ९१० वर पेन्सिल थांबली. '३४० वर जा.'

९१० कशाची, ते तिला आठवायची गरज पडली नाही. ते सतरा खण. वीज गेली आणि परत आली की मशीन नव्याने जागं व्हायचं आणि आधी जे पंप चालू होते ते पुन्हा चालू करायचं. त्यासाठी वेगळा तुकडा लिहायचा तर खण पुरत नव्हते. मग तिनेच युक्ती काढली: पंप चालू करण्याची ओळ आहेच की वर, थेट तिच्यावर उडी मारू. किल्ली बघायचं राहतं, पण जो पंप वीज जायच्या आधी चालू होता त्याची किल्ली फिरवलेली असेलच कशी? ते तेव्हा किती बरोबर वाटलं होतं. फक्त, कुठले पंप चालू आहेत ही यादी मशीन दर दहा मिनिटांनी लिहायचं. त्या दहा मिनिटांच्या आत कोणी पंप थांबवला, किल्ली फिरवली आणि तेवढ्यात वीज क्षणभर गेली, तर यादी म्हणणार चालू होता. आणि किल्लीकडे कोणी बघणार नाही.

चौकशीच्या कागदांत मशीनचा अहवाल होता. तिला तो पाठ होता. नऊ तीसला यादी लिहिली. नऊ सदतीसला वीज गेली, चार सेकंद. नऊ अडतीसला पंप एक, पंप तीन चालू. पंधरा माणसांनी ते वाचलं होतं आणि विजेबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. विचारणार कसे? जिने लिहिलं तीच सांगत होती, की प्रोग्राम किल्ली बघतो. तिने वरच्या दोन ओळी बघितल्या होत्या. मधून आत येणारी वाट बघितलीच नव्हती, आणि ती वाट तिने स्वतःच पाडली होती.

तिने पेन्सिलीला टोक केलं. साडेबारा झाले तेव्हा डबा उघडला, पाव-चीज खाल्लं, ताक प्यायली. मग ९१० ची उडी काढली आणि तिथे किल्ली बघणारा छोटा फेरा बसवला. सात ओळी. आता खणांची अडचण नव्हती. उन्हाळ्यात मंडळाने मशीनला नवी स्मृती बसवली होती. पाच वाजता ती घरी गेली. काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही हे मात्र तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पंपघराच्या रस्त्याने गेली. पाटीखालून जाताना मान वर केली नाही. हार्म आत तेलाच्या कॅनशी बसला होता. वय साठ, दोन्ही गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत.

"अरे वा, वीत्स्के! आज सूर्य कुठे उगवला? बस. थर्मासमधली कॉफी आहे, पण सकाळची आहे. तुमच्या कचेरीतल्यासारखं बिस्किट नाही."

"हार्म, त्या दिवशी तू किल्ल्या फिरवल्यास."

त्याने कॅन खाली ठेवला. "सांगितलंय सगळं चौकशीत."

"मला सांग परत."

"कशाला उकरून काढतेस?"

"सांग."

हार्म भिंतीवरच्या चार किल्ल्यांकडे बघत बोलू लागला. "एक फिरवली. दोन फिरवली. तीन... तीन फिरली नाही. चार फिरवली."

"फिरली नाही म्हणजे? गंजली होती?"

"गंजतेय कशाला! दर सोमवारी तेल घालायचा तो. टोकाला गेलेली किल्ली अजून कुठे जाणार? अडली. माझ्या हाताला तर तसंच लागलं, की ती आधीच फिरलेली आहे."

"मग तू हे बोलला का नाहीस?"

"बोललो की! पहिल्या दिवशी बोललो. दुसऱ्या दिवशी तू उभी राहिलीस." त्याने हात पँटला पुसले. "म्हणालीस, मशीन किल्ली बघतं. त्याची बायको तू, त्यात प्रोग्राम तुझा. तू नवऱ्याच्या विरुद्ध बोलतेयस म्हणजे ते खरंच असणार, नाही का? मग चौकशीवाल्या साहेबांनी मला परत विचारलं, खात्री आहे का. माझे हात थरथरत होते त्या दिवशी, बाई. म्हणालो, नाही खात्री."

वीत्स्केने कॉफी संपवली. ती खरोखरच सकाळची होती.

"का विचारतेस?" हार्म म्हणाला.

"तुझ्या हाताचं बरोबर होतं."

त्याने कॅन परत उचलला. मग म्हणाला, "आठ महिने त्या पाटीखालून येतोय-जातोय मी. पोरंसोरं येतात बाहेरगावची, त्यांना सांगायचं म्हणे, येल्लेसारखं करू नका. अगं, येल्लेसारखंच करा म्हणायला पाहिजे होतं!" एवढं बोलून तो रडायला लागला, कॅन हातात धरून, मोठ्याने. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्यालाही आता रडू येईल म्हणून ती थांबून राहिली, पण ते आलं नाही.

सायकलवर परत येताना तिने हिशेब सरळ मांडला. सोमवारी नवा प्रोग्राम मशीनवर चढेल. जुन्या प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं रद्दीत जातील. नव्यात चूक नाही, म्हणून पुढे कोणी मरणार नाही. ती गप्प राहिली तर हे कोणालाही कधीच कळणार नाही, आणि येल्ले विसराळू राहील, पत्र्यावर, निळ्या रंगात. ती बोलली तर त्याचं नाव धुऊन निघेल आणि गाव तिच्याकडे बघेल: हिने नवऱ्याला मारलं आणि वर त्याच्यावरच ढकललं. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे चोराने स्वतः साक्ष दिली होती. तिला भीती वाटत होती. राग सोडला तर हे अकरा महिन्यांतलं पहिलं वाटणं होतं, आणि घरी पोचेपर्यंत ती ते नीट सांभाळून घेऊन आली.

शुक्रवारी दहाला तिघं बसले. डबा फिरला. लोडेवेइकने नवा प्रोग्राम वाचायला घेतला. खणखणीत वाचायचा तो, पाद्र्याने प्रार्थना सांगावी तसा. मध्ये मध्ये थांबून विचारायचा, "इथे काय ठाऊक आहे?" आणि वीत्स्के एका वाक्यात उत्तर द्यायची. बोल्हाउससाहेब प्रत्येक उत्तराला मान हलवायचे. पाऊण तासात संपलं.

"एकही उडी नाही," लोडेवेइक म्हणाला. "साहेब, हे मी विद्यापीठात दाखवीन. मेफ्राउ वियर्डा, तुम्ही पहिल्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत ना, तेव्हा वाटलं होतं, ही बाई मला कालव्यात ढकलणार."

"वाटलं होतं ढकलावं," वीत्स्के म्हणाली.

साहेब हसले. मग उठले, डबा उचलला आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरला. "घ्या, वीत्स्केबाई. आज खण वाचले नाहीत, वाढलेच आहेत; पण घ्या."

डब्यात तीच बिस्किटं होती, कडेला साखर लावलेली. तिने एक उचललं आणि समोरच्या कोऱ्या कागदावर ठेवलं. मग पायाशी ठेवलेली जुन्या प्रोग्रामची घडी काढून लोडेवेइकसमोर सरकवली.

"आता हा वाचा."

"जुना? तो तर सोमवारी—"

"सगळा नको. ९१० पासून वाचा. वीज परत आली आहे असं समजा."

लोडेवेइकने खांदे उडवले आणि वाचायला लागला. "वीज परत आली. यादी वाच. पंप क्रमांक घे. चालू होता का? होता. ३४० वर जा." त्याने पानं उलटली. "३४०. पंप चालू कर."

"थांबा," वीत्स्के म्हणाली. "तुमचा प्रश्न विचारा."

"इथे काय ठाऊक..." तो बोलता बोलता थांबला. बोट ३४० वरून ३२० वर गेलं, परत खाली आलं. हुशार मुलगा होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"काय झालं?" साहेब म्हणाले. "मला कोणी सांगेल का?"

"वीज आल्यावर मशीन किल्ली बघत नव्हतं," वीत्स्के म्हणाली. "जानेवारीतही नाही बघितली. ही वाट मी केलेली आहे, एकाहत्तर साली. सतरा खण. चौकशीत मी सांगितलं ते चूक होतं. हार्मच्या हाताला किल्ली फिरलेली लागली होती, तो माझ्यामुळे गप्प बसला."

बोल्हाउससाहेबांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. ते वाईट माणूस नव्हते. "वीत्स्केबाई," ते हळूच म्हणाले, "हे बघा. नव्या प्रोग्राममध्ये हे नाही. चौकशी बंद झालीय. येल्ले काही परत येणार नाही. तुम्ही एकदा भोगलंय, आता आणखी कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ त्याची झाकलेली नाही, साहेब. त्याची दारावर ठोकलीय."

"लोक तुम्हाला काय म्हणतील, याचा विचार केलात?"

"केला. काल, सायकलवर."

लोडेवेइकने पानं मिटली. "मीही असंच लिहिलं असतं, मेफ्राउ. त्या काळात, तेवढ्या खणांत, कोणीही—"

"तुम्ही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. रागाने नाही, त्याला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली असावी. "साहेब, वाचनाची नोंद तुम्ही लिहिता ना? लिहा."

"काय लिहू?"

"ओळ ३४०. या ओळीवर आपल्याला ठाऊक आहे, की येल्ले वियर्डाने किल्ली फिरवली होती."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. तिने तो एकदा वाचला. मग लोडेवेइककडे दिला, म्हणजे लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी वाचावा म्हणून. त्याने वाचला, मोठ्याने, अडखळत.

चौकशी समितीला पत्र तिने स्वतःच टाइप केलं. तीन वाजता हार्म शिडी घेऊन चढला, कोणाचा हुकूम न घेता, आणि पाटी काढून सायकलला बांधून कचेरीत आणून टाकली. तोवर निम्म्या गावाला कळलं होतं. बेकरीत तिच्यासमोरच्या दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. हे होणार हे तिला ठाऊक होतं. पाव घेऊन ती बाहेर आली.

शनिवारी सकाळी सात वाजता तिने कॉफी गाळली. पावावर चीज ठेवलं. रुमालात बांधून आणलेलं बिस्किट सोडलं, अर्धं केलं, एक अर्धं पलीकडच्या ताटलीत ठेवलं. मग अकरा महिन्यांच्या सवयीने तोंड उघडलं, "विसर—" आणि पुढे काही नव्हतं. राग बघितला तर तोही नव्हता. तो इतके दिवस चुकीच्या माणसाला दिला होता, आणि ज्याच्याकडून परत मागायचा तो माणूसच आता नव्हता. सुईचा अंमल उतरावा तसं काहीतरी ओठांपासून सुरू झालं आणि खाली छातीत गेलं, आणि दुखायला लागलं.

"मी बघितलं नाही रे, येल्ले," ती म्हणाली. "मीच बघितलं नाही."